फ्यूडल एजमधली गिरणी

५०० फूड जमलं आणि डार्क एजमधल्या दोन इमारती उभ्या राहिल्या, की टाउन सेंटरमधलं एक बटण दाबता येतं. ते दाबायचं, दोनेक मिनिटं कळ काढायची, आणि मग जाहीर होतं की आपण फ्यूडल एजमध्ये पोचलो. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हे बटण मी किती वेळा दाबलं त्याचा हिशोब नाही. मेसचं जेवण उरकलं की हॉस्टेलच्या लॅनवर आठ जण आठ खोल्यांतून 'एज ऑफ एम्पायर्स २' लावून बसायचो. कॉपी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली. सबमिशनच्या आदल्या रात्रीही बसायचो, हे आता सांगायला हरकत नाही.

'फ्यूडल' हा शब्द मला या गेमने शिकवला. शाळेच्या पुस्तकात 'सरंजामशाही' होती, पण हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे कळायला बरीच वर्षं गेली. आता थोडंफार वाचल्यावर वाटतं, ते तितकेसे एकाच गोष्टीचे नाहीत. सरंजाम ही मराठेशाहीतली व्यवस्था. फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला मुलूख आणि त्याचा महसूल. तो शब्द कुणीतरी युरोपवर चढवला आणि बराचसा बसलाही. कारण 'फ्यूडल' शब्दाच्या पोटात जो 'फीफ' आहे तोही तसलाच, सेवेच्या बदल्यात मिळालेली जमीन. पण गंमत बघा, दोन्ही शब्द वरच्या लोकांच्या आपसांतल्या देवघेवीचे आहेत. शेत नांगरणारा माणूस दोन्हींत कुठेच नाही. समाजाला आपण नाव दिलं ते त्यातल्या मूठभरांच्या करारावरून.

गेममध्ये मात्र नांगरणारा माणूस आहे, आणि ढिगाने आहे. त्याचं नाव व्हिलेजर. सुरुवातीला तीन मिळतात, पुढचा प्रत्येक ५० फूडला, २५ सेकंदांत एक. तो लाकूड तोडतो, मेंढ्या कापतो, सोनं खणतो, घर बांधतो. मी सांगेन तिकडे जातो, आणि डिलीटचं बटण दाबलं तर मरतो. मला हा गेम मनापासून आवडतो, अजूनही खेळतो. तरी त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती तपशिलांच्या चुकांची नाही. तसल्या चुका काढत बसलो तर रात्र जाईल. पिकांची फेरपालट गेममध्ये शेवटच्या इम्पिरियल एजमध्ये मिळते. प्रत्यक्षात उत्तर युरोपात काही भागांत तीन शेतांची फेरपालट शार्लमेनच्या काळातही होती. असू दे. गेमला एवढी सूट द्यायलाच हवी. माझी तक्रार अशी की फ्यूडल एजमध्ये फ्यूडल असं काहीच नाही. माझ्या आणि व्हिलेजरच्या मध्ये कुणीही उभं नाही.

१९९९ साली एन्सेम्बल स्टुडिओजने हा गेम काढला, २०१९ साली तो पुन्हा रंगरंगोटी करून आला, आणि दोन्हींत हे तसंच आहे. नाइट बघा. कॅसल एजमध्ये तबेल्यातून ६० फूड आणि ७५ गोल्ड मोजून नाइट बाहेर काढता येतो. त्याच्याकडे जमीन नाही, बाप नाही, कुळाचं चिन्ह नाही. खऱ्या इंग्लंडात तेराव्या शतकात राजाची अडचण याच्या अगदी उलट होती. नाइट होणं इतकं खर्चाचं आणि कटकटीचं झालं होतं की ऐपत असलेले जमीनदार ते टाळायचे, आणि ठरावीक उत्पन्नाच्या वर जमीन असलेल्याने नाइट व्हावं नाहीतर दंड भरावा, असे हुकूम तिसऱ्या हेन्रीला काढावे लागले. मान मिळतोय तर लोक पळतायत! दर्जा ही वस्तू आपण समजतो तशी नुसती वर चढण्याची नसते. तिच्याबरोबर बिलंही येतात.

शाळेत आपण सगळ्यांनी तो त्रिकोण काढलाय. टोकाला राजा, खाली सरदार, मग नाइट, तळाला शेतकरी. परीक्षेत पाच मार्क. १९७४ साली एलिझाबेथ ब्राउन या इतिहासकार बाईंनी एका निबंधात सरळ म्हटलं की 'फ्यूडॅलिझम' ही नंतरच्या लोकांनी बसवलेली चौकट आहे आणि ती आपल्याला पुरावे नीट बघू देत नाही. १९९४ मध्ये सुझन रेनल्ड्स यांनी अख्खं पुस्तक लिहून त्या चौकटीचे खिळे काढले. त्रिकोण किती डळमळीत होता याचं माझं आवडतं उदाहरण १३२९ सालचं आहे. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड त्या वर्षी आमियांला गेला आणि फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याच्यापुढे त्याने वंदन करून निष्ठा वाहिली. कारण फ्रान्सच्या नैऋत्येकडचा ॲक्विटेनचा मुलूख त्याच्याकडे फ्रेंच राजाचा मांडलिक म्हणून होता. त्रिकोणाच्या टोकावर बसलेला माणूस शेजारच्या त्रिकोणात दुसऱ्या पायरीवर. आमच्या गेममध्ये मात्र तीनच नाती असतात, मित्र, तटस्थ, शत्रू, आणि तीही ड्रॉपडाउनमधून निवडायची.

तीन थरांची दुसरी एक आकृती आहे, ती जुनी आणि त्या काळातल्याच माणसांनी काढलेली: प्रार्थना करणारे, लढणारे, राबणारे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लांचा बिशप ॲडलबेरो याने रोबेर राजाला उद्देशून केलेल्या कवितेत ती मांडली. हे वाचताना आपल्याला चातुर्वर्ण्य आठवणं अटळ आहे. ड्युमेझिल नावाच्या फ्रेंच विद्वानाने तर अशा तुलनांवरच आयुष्य काढलं. मला त्यात एक फरक मोलाचा वाटतो. प्रार्थना करणाऱ्यांना लग्नाची बंदी, म्हणून त्यांचा थर स्वतःतून स्वतः वाढू शकत नव्हता. माणसं बाहेरूनच घ्यावी लागत. एक खिडकी उघडी राहायची. अर्थात तिच्यावरही पहारा होताच. ११६४ च्या क्लॅरेंडनच्या कलमांत एक कलम असं आहे की कुळवाड्याच्या मुलाला, तो ज्याच्या जमिनीवर जन्मला त्या धन्याच्या संमतीशिवाय पाद्री करू नये. आणखी एक, ॲडलबेरो स्वतः बिशप होता. आकृती काढणाऱ्याने स्वतःला कुठे बसवलं हे कुठल्याही आकृतीत पहिल्यांदा बघावं. तरी त्याच कवितेत त्याने मान्य केलंय की कुळांना आपण पोसतो असं धनी म्हणतात, पण खरं पोट धन्याचंच कुळांमुळे भरतं. एवढा प्रामाणिकपणा आमच्या गेममध्ये नाही.

इंग्लंडात या तळातल्या बांधील शेतकऱ्याला 'व्हिलन' म्हणत. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, पण आपल्या सिनेमातला व्हिलन तो हाच. आधी फक्त गावावर, जमिनीवर राहणारा, मग गावंढळ, मग हलकट, मग खलनायक. 'व्हिलेजर'ही त्याच मुळाचा. वरच्या लोकांच्या तोंडात शब्द काही शतकं राहिला की त्याचं काय होतं ते बघा.

हा व्हिलन गुलाम नव्हता आणि मोकळाही नव्हता. धन्याच्या शेतावर आठवड्यातले काही दिवस फुकट राबणं त्याच्या कपाळी होतं. मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे भरायचे. तो मेला की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याच्या गोठ्यात जायचं. आपल्या जमिनीबद्दल धन्याविरुद्ध राजाच्या कोर्टात त्याला दाद मागता येत नसे. आणि दळण धन्याच्याच गिरणीत दळायचं, त्यातला ठरलेला वाटा गिरणीत ठेवून.

इथे मी थबकलो, कारण गिरणी गेममध्येही आहे. १०० लाकडं देऊन बांधायची, मग व्हिलेजर येऊन तिथे धान्य टाकतात. जेवढं टाकलं तेवढं माझ्या खात्यावर जमा. दाणाही कमी नाही. माझ्या मते गेममधलं सगळ्यात मोठं खोटं त्या गोंडस इमारतीत आहे. गिरणी हे मध्ययुगातलं धान्य कमी होण्याचं ठिकाण होतं.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथे मोठा मठ होता, आणि गाव मठाच्या मालकीचं. गावकऱ्यांनी दळण मठाच्या गिरण्यांत आणायचं हा नियम. त्यांना घरी जात्यावर दळायचं होतं. एवढंच. माझ्या आजीच्या घरी माळ्यावर जातं पडून आहे, त्यामुळे मला यात भांडण्यासारखं काय आहे तेच आधी कळेना. पण ते गाव घरच्या जात्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडलं. १३२७ च्या सुमारास, दुसऱ्या एडवर्डला गादीवरून काढलं त्या गोंधळात, गावकऱ्यांनी मठाला वेढा घालून हक्कांची सनद मिळवली आणि घरोघरी जाती सुरू झाली. मार्क ब्लॉकने पाणचक्कीवरच्या आपल्या निबंधात ही हकिकत सांगितली आहे. 'फ्यूडल सोसायटी' हे या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिणारा तो हाच ब्लॉक. पुढे नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात पकडला गेला आणि १९४४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या.

गावकऱ्यांना सनद मिळाली त्याच वर्षी मठाला नवा मठाधिपती मिळाला, रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. मी या विषयात शिरलो तो खरं तर याच्यामुळे. यंत्रांच्या इतिहासावर काहीतरी वाचत होतो, त्यात हा भेटला. लोहाराचा मुलगा. लहानपणी बाप गेला, गावातल्या मठाच्या प्रमुखाने सांभाळलं, ऑक्सफर्डला पाठवलं. त्याने ग्रहांची स्थिती काढायचं 'अल्बियन' नावाचं उपकरण रचलं, आणि मठात एक खगोलीय घड्याळ बांधायला घेतलं. सूर्य, चंद्र, ग्रहणं, सगळं दाखवणारं. अशा यांत्रिक घड्याळाचं इतकं तपशीलवार वर्णन त्याच्या आधीचं मिळत नाही. आणि हे सगळं अंगावर कुष्ठरोग वागवत. जुन्या हस्तलिखितातल्या चित्रात तो घड्याळाशेजारी दिसतो, चेहऱ्यावर डाग. मठाच्या बखरीत असंही आहे की चर्चची पडझड झालेली असताना घड्याळावर खर्च काय करतोस, असं तिसऱ्या एडवर्डने त्याला सुनावलं, तर हा म्हणाला, चर्च दुरुस्त करणारे माझ्यामागून पुष्कळ येतील, हे घड्याळ करणारा येणार नाही. कुठल्याही इंजिनियरने प्रेमात पडावं असा माणूस. मी पडलो. दोन दिवस त्याचं चित्र माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर होतं.

मग पुढचं वाचलं. याच रिचर्डने गावकऱ्यांकडून सनद परत घेतली, घराघरांतून जाती जप्त केली, आणि ते दगड आणून आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. गावातलं कुणी मठाधिपतीला भेटायला आलं की आपल्याच घरच्या जात्यावर उभं राहून बोलणार.

यात मला जे खुपलं ते असं. हा वरच्या थरात जन्मलेला नव्हता. त्या उघड्या खिडकीतून तो वर आला होता. दातेरी चाकांचं मोल त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि गिरणी म्हणजे दातेरी चाकंच की. खालून वर गेलेला हुशार माणूस खालच्यांना सवलत देईल असं आपण गृहीत धरतो, बहुधा स्वतःबद्दलही धरतो. रिचर्डच्या बाजूनेही बोलता येईल. मठ कर्जात बुडालेला होता आणि गिरणीचा वाटा हे मठाचं उत्पन्न होतं. तरी जप्त करणं वेगळं आणि फरशी करणं वेगळं. फरशी करायला डोकं लागतं.

रिचर्ड १३३६ मध्ये वारला. दगड तिथेच राहिले. जवळजवळ अर्धं शतक लोक त्यावरून चालले. मग १३८१ चा जून आला, डोईपट्टीवरून इंग्लंडातले शेतकरी उठले, वॉट टायलरची माणसं लंडनमध्ये शिरली. सेंट ऑल्बन्समध्ये विल्यम ग्रिंडकॉब पुढे होता. लोकांनी मठातले कागद बाहेर काढून जाळले, कारण कोण व्हिलन आणि कोण मोकळा हे त्या कागदांवर लिहिलेलं होतं. एक जुनी सनदही ते मागत होते. शेकडो वर्षांपूर्वीच्या ऑफा राजाने दिलेली, सोनेरी आणि निळ्या अक्षरांची. मठाधिपती म्हणाला असली सनद मी कधी पाहिली नाही, आणि तो खरंच बोलत असावा. पण आपण कधीतरी मोकळे होतो आणि ते कुठेतरी सुंदर अक्षरांत लिहून ठेवलंय, असं त्या लोकांना वाटत होतं. मग ते बैठकीच्या खोलीत गेले, जात्याचे दगड उखडले, फोडले, आणि एकेक तुकडा वाटून घेतला. चर्चमध्ये रविवारी आशीर्वादाची भाकर वाटतात तसा. हे लिहून ठेवणारा टॉमस वॉल्सिंगहॅम त्याच मठातला, गावकऱ्यांचा कट्टर विरोधक. चिडून लिहिता लिहिता तो त्यांना प्रसादाची उपमा देऊन गेला. जुलैत राजा न्यायाधीश घेऊन आला. ग्रिंडकॉबला फाशी झाली. बंडाचा उपदेशक जॉन बॉल यालाही १५ जुलैला सेंट ऑल्बन्समध्येच मारलं. दिलेल्या सनदा रद्द झाल्या.

गेममध्ये हे कसं आणणार, असं कुणी म्हणेल. खरंय. 'क्रुसेडर किंग्ज ३'ने मांडलिक, लग्नं, वारसे, कुरबुरी हे सगळं आणून दाखवलंय. तिथे माझ्या आणि जमिनीच्या मध्ये माणसंच माणसं आहेत, आणि फ्यूडल म्हणावा असा गेम तोच. पण तिथे शेतकऱ्याचा आकडा झालाय. म्हणजे एका गेममध्ये शेतकरी आहे आणि धनी नाही, दुसऱ्यात धनी आहेत आणि शेतकरी नाही. दोघांची भेट होण्याची जागा गिरणी. ती दोन्हींत हुकली.

'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये फुलस्टॉपचं बटण दाबलं की रिकामा उभा असलेला व्हिलेजर सापडतो. स्क्रीन सरकन त्याच्याकडे जाते. सरावलेला खेळाडू हे बटण श्वास घेतल्यासारखं दाबत असतो. दोन वर्षांपूर्वी मी एका क्लायंटच्या गोदामासाठी डॅशबोर्ड केला. कामगारांच्या हातातल्या स्कॅनरने सहा मिनिटं काही स्कॅन केलं नाही की सुपरवायझरच्या स्क्रीनवर नाव लाल. डेमोच्या दिवशी मी गमतीत म्हटलं, फुलस्टॉप दाबला की थेट पुढच्या लाल नावावर जाईल अशी सोय करू का? त्यांना ते फार आवडलं. मी ते एका दुपारीत लिहून दिलं, आणि त्याबद्दल टीमच्या मेलमध्ये माझं कौतुक झालं. पुढे गोदामात प्रत्यक्ष गेलो तेव्हा पाहिलं, एक ताई पाणी प्यायला निघताना हातातला तोच खोका पुन्हा स्कॅन करत होत्या. लॉगमध्ये अशा दुहेरी नोंदी मला आधीच दिसल्या होत्या. मी त्यांना बग समजत होतो, आणि त्या गाळायची क्वेरीही माझ्याकडे लिहून तयार होती. ती मी अजून पाठवलेली नाही. यात शौर्य काही नाही. कुणी अजून मागितली नाही इतकंच.

गेल्या महिन्यात गेमच्या सिनॅरिओ एडिटरमध्ये बसून एक प्रयोग केला. एक दुसरा खेळाडू तयार केला, नाव दिलं 'मठ', आणि त्याला मित्र म्हणून लावलं, म्हणजे कुणाच्या डोक्यात हल्ला येऊ नये. मग ट्रिगर लिहिला: नकाशावर तुमची गिरणी उभी असेल तोवर दर मिनिटाला तुमच्याकडून २० फूड मठाला. काही न सांगता हॉस्टेलच्या जुन्या मित्राला खेळायला दिलं. हा गडी कधी इतिहासाच्या वाटेला गेलेला नाही. आठव्या मिनिटाला त्याचा मेसेज आला, फूड गळतंय, गिरणीमुळे गळतंय का? मी म्हटलं, हो. मला वाटलं होतं तो म्हणेल रेट कमी कर, किंवा विचारेल मठाला शत्रू कसं करायचं.

शेत करायचं तर गेममध्ये एकदा गिरणी बांधावीच लागते. ती त्याने आधीच बांधलेली होती. आता त्याने सगळी शेतं टाउन सेंटरला चिकटून केली, धान्य तिथेच टाकायला लावलं, आणि गिरणी निवडून डिलीट दाबलं.

"हे चालतं ना?" त्याने विचारलं.

मी ट्रिगर उघडून बघितला. चालत होतं. हे कसं बंद करायचं तेही मला दिसत होतं, एका ओळीचं काम होतं.